शाळेला तारे कोण देतं?
परदेशी भाषाशाळेतली नोकरी स्वीकारण्याआधी रेटिंग कसं वाचावं

पुसद, वणी किंवा दारव्ह्याच्या एखाद्या बी.ए., बी.एड. झालेल्या तरुणीला परदेशातून नोकरीचे दोन प्रस्ताव आले आहेत, असं धरू. काम दोन्हीकडे एकच, इंग्रजी शिकवायचं. दोन्ही खाजगी भाषाशाळा आहेत. म्हणजे तिथे गणित-भूगोल काही नाही, फक्त भाषेचे वर्ग चालतात, फी भरणारे विद्यार्थी येतात आणि शिकवायला बाहेरच्या देशांतून शिक्षक आणले जातात. पगारात फार फरक नाही. तिथे आधी नोकरी केलेल्या शिक्षकांनी या शाळांना इंटरनेटवर गुण दिले आहेत. पहिलीला पाचपैकी ४.८ तारे, दुसरीला ४.१. घरात कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं आहे : पहिलीला हो म्हण.

हे उत्तर चुकीचं असण्याची बरीच शक्यता आहे. ते का, हे कळायला तो ४.८ चा आकडा तयार कसा होतो ते पाहावं लागेल.

प्रश्न यवतमाळपासून दूरचा नाही. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यातून दरवर्षी मुलंमुली डी.एड., बी.एड. होऊन बाहेर पडतात आणि जागा निघण्याची वाट पाहतात. जागा मिळाली तरी सुरुवात शिक्षण सेवक म्हणून, मानधनावर होते. हे मानधन २०२३ च्या फेब्रुवारीत वाढलं तेव्हा ते प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये झालं. त्याआधी ते अनुक्रमे सहा, आठ आणि नऊ हजार होतं. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव लागेपर्यंत तासिका तत्त्वावर किंवा विनाअनुदानित शाळेत दिवस काढावे लागतात. अशा वेळी मोबाइलवर ‘थायलंडमध्ये इंग्रजी शिक्षक हवेत’ अशी जाहिरात दिसली तर तिच्यावर बोट पडणं स्वाभाविक आहे. भारतीय शिक्षकांनी परदेशी जाणंही नवं नाही. सम्राट हैले सेलासीच्या काळात इथिओपियाच्या शाळांमध्ये भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने होते, आणि मालदीवमधल्या शाळांत आजही भारतातून गेलेले शिक्षक शिकवतात. परदेशी जावं की न जावं हा ज्याचा त्याचा निर्णय. कुणाकडे जातोय, हे मात्र निघण्याआधी कळायला हवं.

आतला माल कुणाला ठाऊक?

कापूस विकायला यार्डात गेलेल्या कुणालाही ही अडचण लगेच कळेल. गाडीतला वरचा थर पांढराशुभ्र दिसतो, पण ग्रेडर त्यावरून भाव बोलत नाही. तो हात आत खुपसतो, तळाची मूठ ओढून काढतो, ओलावा मोजतो. भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या, खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव मिळतो, त्यापुढे कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वर गेला तर माल घेतच नाहीत. कारण उघड आहे. आत काय भरलंय ते आणणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं.

नोकरीच्या बाजारात आतली माहिती शाळेकडे असते. पगार कोणत्या तारखेला होतो, मागच्या वर्षी किती शिक्षक मध्येच सोडून गेले, राहायची खोली कशी आहे, संचालक वर्गात येऊन सगळ्यांसमोर बोलतात का, हे सगळं शाळेला माहीत असतं. उमेदवाराला दिसतो तो जाहिरातीतला वरचा थर.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावरून या विषमतेचा परिणाम दाखवून दिला, आणि त्या कामासाठी २००१ च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. त्यांचं म्हणणं असं : घेणाऱ्याला चांगलं-वाईट वेगळं करता येत नसेल, तर तो सगळ्यांनाच मधला भाव देतो. मग चांगला माल आणणाऱ्याला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो, आणि मागे वाईटच उरतं. भाषाशाळांना हे लावून पाहा. एक शाळा महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार करते, व्हिसाचा खर्च स्वतः उचलते, आजारपणाची रजा देते. या सगळ्याला पैसे लागतात. पण बाहेरच्या माणसाला ते दिसतच नसेल, तर जाहिरातीत पगाराचा आकडा थोडा चढवून लिहिणारी आणि पुढे तो वेळेवर न देणारी शाळा तिच्यापेक्षा उजवी ठरते. म्हणून आधीच्या शिक्षकांनी लिहून ठेवलेलं मत महत्त्वाचं. त्यातून नव्या उमेदवाराला आतलं कळतं, आणि प्रामाणिक शाळेलाही तिच्या प्रामाणिकपणाचा मोबदला मिळतो. पुढचा सगळा प्रश्न एवढाच की हे मत देणारे कोण असतात.

एकच शाळा, तीन आकडे

कागद-पेन्सिल घेऊन एक कल्पित शाळा मांडू. तिथे वर्षभरात ४० शिक्षकांनी काम केलं. त्यातले ४ जण प्रचंड चिडलेले आहेत, त्यांच्या मते शाळा १ ताऱ्याची. ६ जण अगदी खूश आहेत, त्यांचे ५ तारे. उरलेल्या ३० जणांचा अनुभव बरा म्हणावा असा, ३ तारे. सगळ्यांना विचारलं असतं तर बेरीज होते ४ अधिक ३० अधिक ९०, म्हणजे १२४. भागिले ४०. शाळेचा खरा गुण ३.१.

पण सगळे लिहीत नाहीत. रागावलेला माणूस लिहितोच. खूश माणूस कधी कधी लिहितो. ज्याचं बरं चाललंय त्याला लिहायची ऊर्मीच नसते. तो वर्ग घेतो, खोलीवर येतो, स्वयंपाक करतो आणि झोपतो. समजा चिडलेले चारही जण लिहितात, खूश असलेल्यांपैकी एक आणि मधल्या तिसांपैकी एक. बेरीज १२, लिहिणारे ६, सरासरी २. ३.१ ची शाळा लोकांना २ ची दिसू लागली.

आता संचालकांनी हा आकडा पाहिला. त्यांनी नव्या तुकडीतल्या आठ शिक्षकांची बैठक घेतली आणि चहा-बिस्किटांसोबत सांगितलं की शाळेबद्दल चार चांगले शब्द लिहा. येऊन पंधरा दिवस झालेल्या आणि व्हिसा शाळेच्या हातात असलेल्या या आठ जणांनी ५-५ तारे दिले. बेरीज ५२, लिहिणारे १४, सरासरी ३.७.

शाळेत काहीही बदललेलं नाही. तेच वर्ग, तोच पगार, तीच खोली. आकडा मात्र २ झाला, ३.७ झाला, आणि खरा ३.१ कुठेच दिसला नाही.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या वस्तूंच्या अभिप्रायांचा अभ्यास करणाऱ्यांना वारंवार असं आढळलं आहे की पाच ताऱ्यांचा ढीग मोठा, एका ताऱ्याचा त्याहून लहान, आणि मधले तारे फार कमी. आलेखावर काढलं तर मध्ये खड्डा पडतो. मालक-कंपन्यांचे अभिप्राय गोळा करणाऱ्या ग्लासडोर या २००७ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन कंपनीने यावर एक उपाय केला. इतरांचे अभिप्राय वाचायचे असतील तर आधी स्वतःच्या नोकरीबद्दल लिहा, अशी अट घातली. संशोधकांनी ही अट तपासली तेव्हा दिसलं की अटीमुळे लिहिणाऱ्यांचे गुण स्वतःहून लिहायला आलेल्यांपेक्षा कमी टोकाचे असतात. मधला माणूस बोलता झाला की चित्र खऱ्याच्या जवळ जातं. अभिप्राय वाचताना म्हणूनच तीन ताऱ्यांचे आधी वाचावेत. ते राग काढायला लिहिलेले नसतात आणि कुणाला खूश करायलाही नसतात. ‘पगार वेळेवर, पण शनिवार-रविवार दोन्ही दिवस वर्ग’ अशी वाक्यं तिथेच सापडतात.

गप्प बसण्याची कारणं

लिहिण्याचा कंटाळा हे एक कारण झालं. त्याहून वजनदार कारण भीतीचं आहे. परदेशी शिक्षकाचा कामाचा परवाना बहुधा एकाच मालकाशी बांधलेला असतो. नोकरी गेली की थोड्या दिवसांत देश सोडायची वेळ येते. सहा शिक्षक असलेल्या केंद्रात नाव न देता लिहिलं तरी ‘मार्चमध्ये माझी रजा कापली’ एवढ्या एका ओळीवरून लिहिणारा ओळखू येतो.

कायद्याचीही भीती असते, आणि ती पोकळ नाही. भारतात बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे. दक्षिण कोरियात तर खरी गोष्ट जाहीर केल्यानेही बदनामीचा खटला होऊ शकतो. ती लोकहितासाठी सांगितली हे दाखवता आलं तरच सुटका. त्यामुळे अनेक देशांत जुने शिक्षक शाळेचं नाव न घेता गोलमोल लिहितात, आणि वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

तिसरं कारण आपल्या घरातलं आहे. एजंटाला पैसे देण्यासाठी कर्ज काढलेलं असतं, सोनं गहाण असतं, गावात पेढे वाटून झालेले असतात. ‘मुलगा फॉरेनला शिकवतो’ हे आई-वडिलांनी चारचौघांत सांगितलेलं असतं. तिथे खोलीत पाच जण कोंबलेत आणि दोन महिन्यांचा पगार थकलाय, हे मग तो फोनवरसुद्धा सांगत नाही, मागून येणाऱ्या गावच्या पोराला तर नाहीच. माझ्या मते आपल्याकडून जाणाऱ्यांचं सर्वांत मोठं नुकसान या गप्प बसण्याने होतं. बनावट अभिप्राय त्यानंतर येतात.

बनावट अभिप्राय असतातच. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढलं. अभिप्राय देणाऱ्याची ओळख पडताळावी, विकत घेतलेले अभिप्राय छापू नयेत, अशा गोष्टी त्यात आहेत. पण ते ऐच्छिक आहे आणि वस्तू-सेवा विकत घेणाऱ्या ग्राहकांसाठी आहे. नोकरी करणाऱ्याने मालकाबद्दल दिलेलं मत त्यात बसत नाही. ते पारखायचं काम वाचणाऱ्यालाच करावं लागतं. एकाच आठवड्यात आलेले सात-आठ अभिप्राय, सगळ्यांची भाषा सारखी, एकातही तारीख नाही, रक्कम नाही, ठिकाण नाही, असं दिसलं की ते बाजूला ठेवावेत.

चार जणांचं मत आणि साठ जणांचं

आता सुरुवातीच्या दोन शाळांकडे. ४.८ वाल्या शाळेला चारच जणांनी गुण दिलेत, तिघांनी ५ आणि एकाने ४. ४.१ वाल्या शाळेला साठ जणांनी. चार जणांत एखादा संचालकाचा भाचा निघाला तरी आकडा हलतो. साठ जणांत तो फारसा हलत नाही.

संख्याशास्त्रात यावर सोपी युक्ती आहे. प्रत्येक शाळेला आधी दहा कल्पित, मध्यम मतं देऊन टाकायची. सगळ्या शाळांची सरासरी ३.५ असेल, तर प्रत्येकीच्या खात्यात ३.५ ची दहा मतं जमा. पहिल्या शाळेची बेरीज १९ अधिक ३५, म्हणजे ५४, भागिले १४. उत्तर ३.९. दुसरीची २४६ अधिक ३५, म्हणजे २८१, भागिले ७०. उत्तर ४. क्रम उलटला. युक्तीमागचा विचार साधा आहे : कमी लोकांनी सांगितलेल्या गोष्टीवर कमी विश्वास, आणि पुरावा वाढेल तसा विश्वास वाढवायचा. चित्रपटांच्या क्रमवाऱ्यांमध्येही अशीच पद्धत वापरली जाते. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर हा हिशेब दोन मिनिटांत होतो.

नोवा : मोठं नाव कसं बुडालं

साठ काय, सहाशे मतं असली तरी एक गोष्ट त्यांतून कळत नाही, उद्या काय होणार ती. त्यासाठी जपानमधल्या नोवा या भाषाशाळेची हकीकत माहीत असायला हवी.

नोवा ही जपानमधली सर्वांत मोठी इंग्रजी संभाषण शिकवणारी साखळी होती. ऐन भरात तिच्या नऊशेच्या वर शाखा होत्या, रेल्वे स्टेशनांजवळ तिच्या पाट्या दिसायच्या. शिकवायला ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, अमेरिका, कॅनडातून तरुण शिक्षक यायचे. नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलाला व्हिसा, खोली आणि नोकरी एकदम मिळायची, म्हणून अनेकांसाठी ते जपानचं प्रवेशद्वार होतं.

तिच्या धंद्याची रचना पाहण्यासारखी आहे. विद्यार्थ्याने शेकडो तासिकांचे पैसे एकदम आगाऊ भरायचे. जितक्या जास्त तासिका एकदम घ्याल तितकी एक तासिका स्वस्त. हे पैसे हातात आले की नव्या शाखा उघडायच्या, नव्या शाखांतून नवे विद्यार्थी, त्यांचे आगाऊ पैसे. म्हणजे आजचा पगार उद्या घ्यायच्या तासिकांच्या फीतून होत होता. नवे विद्यार्थी येत राहतात तोवर हे चालतं. एखाद्याला मध्येच सोडायचं असेल तर पैसे परत देताना शाळा हिशेब स्वतःच्या सोयीने करायची, आणि त्यावरून वाद वाढत गेले. एप्रिल २००७ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने परताव्याच्या प्रकरणात नोवाच्या विरोधात निकाल दिला. जूनमध्ये सरकारने दीर्घ मुदतीचे नवे करार करायला सहा महिन्यांची बंदी घातली. आगाऊ पैशांचा नळ बंद झाला. काही महिन्यांत पगार लांबू लागले. २६ ऑक्टोबर २००७ ला कंपनीने न्यायालयाकडे संरक्षण मागितलं आणि शाखांना कुलपं लागली. सुमारे चार हजार परदेशी शिक्षक एका दिवसात उघड्यावर आले.

शिक्षकांना सर्वांत जास्त लागलं ते घराचं. नोवा शिक्षकांच्या पगारातून खोलीचं भाडं कापून घ्यायची. पुढे ते घरमालकांपर्यंत पोचेनासं झालं. पगारपत्रकात भाडं कापलेलं, आणि दारात घर सोडण्याची नोटीस. नोकरी आणि घर एकाच्याच हातात असलं की नोकरीसोबत छप्परही जातं.

ज्यांनी २००३ किंवा २००४ मध्ये तिथे चांगले दिवस काढले, त्यांनी तेव्हा चांगलंच लिहिलं असेल आणि ते खरंही असेल. सरासरी काढताना मात्र चार वर्षांपूर्वीचं कौतुक आणि गेल्या महिन्यातली पगाराची तक्रार एकाच वजनाने मोजली जाते. म्हणून अभिप्राय ताऱ्यांच्या क्रमाने न लावता तारखेच्या क्रमाने लावून वाचावेत. ‘पगार पाच दिवस उशिरा’ हे वाक्य तीन महिन्यांत तीनदा दिसलं, तर जुने पन्नास चांगले अभिप्राय विसरावेत. आणि मुलाखतीत एक प्रश्न जरूर विचारावा : विद्यार्थी फी कशी भरतात, महिन्याच्या महिन्याला की दोन वर्षांची एकदम? बहुतेक उमेदवारांना हा प्रश्न सुचत नाही. शाळेची तब्येत मात्र याच उत्तरातून कळते.

दुसऱ्याचे तारे, आपला पासपोर्ट

समजा अभिप्राय खरे आहेत, ताजे आहेत, भरपूर आहेत. तरीही ते आपल्याला लागू पडतील असं नाही. भाषाशाळांच्या बाजारात पगार शिकवण्याच्या कौशल्याइतकाच पासपोर्टवर ठरतो. अनेक देशांत इंग्रजी ‘मातृभाषा’ असलेल्यांना वेगळा दर आणि इतरांना वेगळा. दक्षिण कोरियाचा परदेशी भाषा शिक्षकांचा व्हिसा इंग्रजीसाठी मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत-कोरिया आर्थिक करार १ जानेवारी २०१० ला अमलात आला, तेव्हा शिक्षकाची पात्रता असलेल्या भारतीयांना तिथल्या शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक होण्याची वाट मिळाली. तीही शाळांपुरती, खाजगी क्लासांसाठी नाही.

आपलं सरकारही भाषेप्रमाणे फरक करतं. परदेशी माणसाला भारतात नोकरीचा व्हिसा हवा असेल तर वार्षिक पगार १६.२५ लाख रुपयांच्या वर असावा लागतो. त्यातून भाषाशिक्षकांना सूट आहे, इंग्रजीचे शिक्षक सोडून. म्हणजे पुण्यात जपानी शिकवायला येणारी जपानी शिक्षिका या सवलतीत बसते, इंग्रजी शिकवायला येणारा इंग्रज बसत नाही. इंग्रजी शिकवणारे आपल्याकडे पुरेसे आहेत, असं त्यामागचं गृहीत दिसतं, आणि ते खरंही आहे.

पगार असा पासपोर्टवर ठरतो, म्हणून एखाद्या ब्रिटिश शिक्षकाने ‘मालक फार चांगले’ असं लिहिलं असेल, तर यवतमाळच्या शिक्षिकेने त्याच शाळेत काम केलेला भारतीय किंवा फिलिपिनी शिक्षक शोधून त्याचं मत घ्यावं. त्याच इमारतीत त्याचा दर, त्याची खोली आणि त्याच्याशी बोलण्याची पद्धत वेगळी असू शकते.

कराराची दोन वाक्यं जवळून

भाषाशाळेच्या करारात बहुधा एक ओळ असते : ‘आठवड्याला २४ तास अध्यापन’. आपल्याला वाटतं रोज चार तास, छान आहे. पुढच्या पानावर दुसरी ओळ असते : ‘आठवड्याला ४० तास उपस्थिती’. या दोन आकड्यांमधल्या सोळा तासांत नोकरीचा खरा चेहरा असतो. वह्या तपासणं, पालकांसाठी प्रात्यक्षिक वर्ग, प्रवेशाच्या हंगामात मॉलमध्ये उभं राहून पत्रकं वाटणं, सगळं त्यात येतं. वेळापत्रकही तुटक असतं, कारण भाषाशाळेचे विद्यार्थी दिवसा शाळेत किंवा कचेरीत असतात. सकाळी दोन तासिका, मग दुपार रिकामी, मग संध्याकाळी पाच ते नऊ. शनिवार-रविवार हे तिथले सर्वांत गर्दीचे दिवस. यात फसवणूक नाही, तो त्या धंद्याचा स्वभाव आहे. पण जाण्याआधी ते ठाऊक असावं.

पगार ठरलेला आहे की तासाप्रमाणे, हेही बघावं. तासाप्रमाणे असेल तर ‘किमान इतक्या तासांची हमी’ असे शब्द करारात आहेत का? नसतील, तर तुकडी भरली नाही की शिक्षकाचा पगार घटतो आणि धंद्याचा तोटा त्याच्या खिशातून भरला जातो.

कोरियात वर्ष पूर्ण केलेल्या कर्मचाऱ्याला सोडताना साधारण महिन्याभराच्या पगाराइतकी रक्कम द्यावी लागते. ती वाचवण्यासाठी काही खाजगी क्लास शिक्षकाला अकराव्या महिन्यात काढतात, अशी तक्रार तिथले परदेशी शिक्षक वर्षानुवर्षं करत आले आहेत. म्हणून एखाद्या शाळेचे अभिप्राय वाचताना, लिहिणाऱ्यांनी कितव्या महिन्यात नोकरी सोडली तेही टिपून ठेवावं. दहा, अकरा, अकरा, दहा असे आकडे दिसले तर तारे मोजायची गरज उरत नाही.

चौकट : होकार कळवण्याआधी

• अभिप्राय तारखेप्रमाणे लावा. गेल्या वर्षभरातले आधी वाचा, त्यातही तीन ताऱ्यांचे.
• किती जणांनी लिहिलंय ते पाहा. पाचापेक्षा कमी असतील तर आकडा विसरा, मजकूर वाचा.
• सध्या तिथे असलेल्या आणि सोडून गेलेल्या, अशा दोन शिक्षकांशी फोनवर बोला. शाळेने दिलेल्या नावांशिवाय एक नाव स्वतः शोधा.
• व्हिसा कोणता? पर्यटक व्हिसावर या, नंतर बदलून देऊ, असं म्हणणाऱ्याला नकार द्या.
• खोली शाळेची असेल तर भाडेपावती कुणाच्या नावे, ते विचारा.
• मूळ प्रमाणपत्रं आणि पासपोर्ट कुणाच्याही ताब्यात देऊ नका.

सरकारी चाळणी कुठे थांबते

बऱ्याच घरांत असा समज आहे की परदेशी नोकरीचे कागद सरकार तपासतं. ते अर्धंच खरं आहे. दहावी न झालेला कामगार आखाती देश, मलेशिया, थायलंड अशा ठरावीक १८ देशांत नोकरीला निघाला तर त्याला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परवानगी लागते, आणि त्याचा करार अधिकाऱ्याच्या नजरेखालून जातो. दहावी पास झालेल्याला ही अट नाही. म्हणजे बी.एड. झालेली मुलगी विमानात बसते तेव्हा तिचा करार कुठल्याही सरकारी टेबलावर वाचला गेलेला नसतो. शिकलेला माणूस स्वतःचं पाहून घेईल असं कायद्याने धरलं आहे. २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला थायलंडमधल्या खोट्या नोकऱ्यांबद्दल इशारा द्यावा लागला, तेव्हा फसलेले तरुण शिकलेलेच होते. संगणकाची नोकरी सांगून त्यांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेलं होतं.

काही आधार मात्र आहेत. परदेशी भरती करणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते, आणि त्याचं नाव ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येतं. त्याने उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच शुल्क घ्यायचं आहे. लाख-दीड लाख मागणारा तिथेच उघडा पडतो. पासपोर्ट १९६७ च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे भारत सरकारची मालमत्ता आहे, तो ठेवून घेण्याचा परदेशी मालकाला हक्क नाही. तिथे अडचण आली तर परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवता येते आणि ती त्या देशातल्या भारतीय वकिलातीकडे जाते.

इथल्या नोकरीशी तुलना केली तर फरक कळतो. महाराष्ट्रातल्या मान्यताप्राप्त खाजगी शाळेतल्या शिक्षकाला १९७७ च्या सेवाशर्ती कायद्याचं संरक्षण आहे. काढून टाकलं तर तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं, आणि आपल्या विभागाचं न्यायाधिकरण अमरावतीला आहे. स्पोकन इंग्लिशच्या खाजगी क्लासात शिकवणाऱ्याला हा कायदा लागू होत नाही, मग क्लास यवतमाळच्या दत्त चौकात असो की बँकॉकला. भाषाशाळेत शिकवायला निघालेल्याने एवढं लक्षात ठेवावं की तिथे आधीच्या शिक्षकाचा शब्द हाच त्याचा मोठा आधार असतो.

तो शब्द गोळा करायची जागा आपल्याकडे आहे. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांना नॅक या मूल्यांकन संस्थेच्या तपासणीसाठी माजी विद्यार्थी कुठे नोकरीला लागले याची माहिती तशीही जमवावी लागते. त्याच तक्त्यात आणखी चार रकाने वाढवावेत : पगार करारात लिहिल्याप्रमाणे मिळाला का, कोणत्या तारखेला मिळायचा, पासपोर्ट कुणाकडे होता, आणि धाकट्या बहिणीला तिथे पाठवाल का. परदेशातल्या शाळेत शिकवणाऱ्या यवतमाळच्या माजी विद्यार्थ्याचं नाव-गाव प्राचार्यांना ठाऊक असतं, त्यामुळे इथे खोटा अभिप्राय शिरत नाही. नव्या उमेदवाराला विश्वासाने वाचता येईल अशी वही तयार होते, आणि बाहेर ती कुणाला दाखवायचीही गरज नाही, म्हणजे बदनामीच्या खटल्याची धास्तीही नाही.

आणि जे तिकडे शिकवत आहेत किंवा शिकवून परतले आहेत, त्यांना विनंती. नोकरी चांगली असो की वाईट, आपल्या महाविद्यालयाला एक पत्र लिहा. कौतुक नको, राग नको. कोणतं शहर, कोणतं वर्ष, किती तास, किती पगार, आणि तो हातात कोणत्या तारखेला पडायचा, एवढं पुरे.